एका बिअरच्या ग्लासातून शिका आपला माल चाखायला: सिएरा नेवाडा पेल एल



चिवडा, मसाला, लोणचं, बेकरी, कॅफे, क्लाउड किचन... खाण्यापिण्याचा कुठलाही व्यवसाय करणाऱ्याला मी एक प्रश्न हमखास विचारतो. "तुमच्या मालाची चव कशी आहे?" उत्तर ठरलेलं असतं. "एकदम मस्त, सर!" मग मी पुढचा प्रश्न विचारतो. "मागच्या महिन्याच्या बॅचपेक्षा या महिन्याची बॅच वेगळी आहे का? असेल तर नेमकी कशात?" इथे बहुतेक जण गप्प होतात.

चाखणं हे एक स्किल आहे आणि ते शिकता येतं. आज ते आपण एका परदेशी क्राफ्ट बिअरवर शिकणार आहोत. क्राफ्ट बिअर म्हणजे छोट्या, स्वतंत्र ब्रुअरीने चवीवर भर देऊन बनवलेली बिअर. तिचे शौकीन ज्या पद्धतीने एक ग्लास चाखतात, ती पद्धत जशीच्या तशी तुमच्या चिवड्याला लागू होते.

आधी दोन गोष्टी क्लिअर करतो. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे आणि दारू पिण्यासाठी परवाना लागतो. गाडी चालवायची असेल तर हा प्रयोग नकोच. आणि तुम्ही दारू घेत नसाल तर केवळ या लेखासाठी सुरू करू नका. खालची प्रत्येक स्टेप चहा, ताक किंवा लसणाच्या चटणीवरही करता येते.

हीच बिअर का निवडली?

सिएरा नेवाडा पेल एल ही अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यातल्या चिको नावाच्या छोट्या शहरातली बिअर. केन ग्रॉसमन आणि पॉल कामुसी या दोघांनी १९८० मध्ये ही ब्रुअरी सुरू केली. आज तिकडे ती जवळपास सगळीकडे मिळते. तुमचं कोणी अमेरिकेत असेल आणि तुम्ही तिकडे गेलात, तर शोधायला त्रास पडणार नाही.

ही निवडण्याची दोन कारणं आहेत. पहिलं म्हणजे तिची चव स्पष्ट आहे. नवख्या माणसालाही त्यातल्या गोष्टी वेगवेगळ्या ओळखता येतात. दुसरं म्हणजे तिच्या सुरुवातीच्या काळात एक असा निर्णय घेतला गेला, जो आपल्यातल्या प्रत्येकाला कधी ना कधी घ्यावा लागतो. त्याच्याकडे थोड्या वेळाने येतो. आधी चाखूया.

बाटली उघडण्यापूर्वी

तारीख बघा. बाटलीवर पॅकिंगची तारीख छापलेली असते. या प्रकारची बिअर जेवढी ताजी तेवढी चांगली, कारण हॉप्सचा सुगंध आधी उडतो. हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं. बिअरला कडूपणा आणि बराचसा सुगंध त्यांच्यामुळे येतो.

काच बघा. ही बाटली तपकिरी असते. हॉप्समधल्या कडू घटकांवर ऊन पडलं की एक कुबट, उग्र वास तयार होतो. कडक उन्हात त्याला काही मिनिटं पुरतात. तपकिरी काच तो प्रकाश बराच अडवते, हिरवी आणि पारदर्शक काच कमी अडवते. आता तुमचा माल आठवा. पारदर्शक पाऊचमधला मसाला दुकानाच्या दर्शनी काचेत, उन्हात लटकतोय का?

तापमान बघा. बर्फासारखी गार बिअर चाखायला निरुपयोगी, कारण थंडीत वास दबतो आणि जिभेलाही कमी कळतं. ७ ते १० अंश सेल्सियस ठीक. फ्रिजमधून काढून दहा-पंधरा मिनिटं ठेवा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पाच-सात मिनिटं पुरे.

ग्लास बघा. साबणाचा किंवा तेलाचा अंश राहिला की फेस पटकन बसतो. ओतल्यावर ग्लासच्या आतल्या भिंतीला बुडबुडे चिकटून राहिले, तर ग्लास नीट धुतलेला नाही असं समजा.

आता चाखायचं: चार स्टेप्स

१) डोळे. ग्लास तिरका धरून ओता, शेवटी सरळ करा, म्हणजे वर दोन बोटं फेस येईल. रंग तांब्याच्या जवळ जाणारा, सोनेरी-तांबूस दिसेल. हा रंग माल्टमधून येतो. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं, कमी-जास्त भाजलेलं जव. बाटलीच्या तळाशी थोडा गाळ दिसला तर घाबरू नका. तो यीस्ट आहे. या बिअरमधला फेस तयार होण्यासाठी बाटलीतच थोडं आंबवणं होऊ देतात, त्याचा तो उरलेला भाग.

२) नाक. पिण्याआधी दोन-तीन छोटे हुंगे घ्या. सगळ्यात आधी काय येतं? या बिअरमध्ये कॅस्केड नावाचे हॉप्स आहेत. ही जात अमेरिकेत १९७२ मध्ये लागवडीसाठी बाजारात आली. तिचा वास आपल्या ओळखीच्या भाषेत सांगायचा तर पपनस सोलताना सालीतून जो तजेलदार वास उडतो तसा, सोबत थोडी फुलं आणि मागे चीडाच्या लाकडासारखी राळेची झाक. त्याच्या खाली माल्टचा वास सापडतो: बिस्किट, भाजलेल्या पावाची कड, थोडं कॅरॅमल.

सारखं हुंगत बसू नका. नाक फार लवकर सरावतं. पाच-सहा हुंग्यांनंतर वास कमी झाल्यासारखा वाटतो, पण ग्लासातला वास तेवढाच असतो, थकलेलं असतं तुमचं नाक. अशा वेळी अर्धा मिनिट थांबा, स्वतःच्या बाहीचा वास घ्या आणि परत या.

३) घोट. छोटा घोट घ्या, तोंडात फिरवा, गिळा आणि मग तोंड बंद ठेवून नाकाने श्वास सोडा. हे महत्त्वाचं आहे, कारण ज्याला आपण चव म्हणतो त्यातला मोठा भाग वास असतो आणि तो घशामागून नाकात जातो. पटत नसेल तर आत्ता करून बघा. नाक चिमटीत धरून थोडी बडीशेप चावा. फक्त गोडसर लागेल. नाक सोडा, आणि क्षणात ती बडीशेप होते.

या बिअरमध्ये आधी माल्टचा हलका गोडवा येतो, मग कडूपणा त्याला मागे ढकलतो. कडूपणा आयबीयू या एककात मोजतात. हिचा आकडा ३८ आहे. नेहमीच्या लागर बिअरमध्ये तो साधारण १० ते २० असतो. अल्कोहोल ५.६ टक्के, म्हणजे ३५५ मिलीच्या एका बाटलीत जवळपास २० मिली शुद्ध अल्कोहोल. म्हणून चाखताना ग्लास अर्धाच भरा.

४) शेवट. गिळल्यावर घड्याळात दहा-पंधरा सेकंद बघा. काय उरतं? हॉप्सचा कडूपणा हळूहळू वर येतो आणि रेंगाळतो. तो स्वच्छ आहे की जीभ कोरडी करणारा? परत घोट घ्यावासा वाटतो का? खाण्याच्या धंद्यात या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर फार किमती आहे, कारण दुसरं पाकीट त्यावरच विकलं जातं.

"आवडलं" आणि "काय आहे", दोन वेगळे रकाने

नवखा माणूस घोट घेतो आणि म्हणतो, "कडू आहे, नाही आवडली." शौकीन माणूस आधी काय आहे ते लिहितो आणि आवड-निवड शेवटी. पपनसाची साल, बिस्किट, मध्यम कडूपणा, कोरडा शेवट. यात चांगलं-वाईट काहीच नाही, फक्त वर्णन आहे.

बिअर उद्योगाने यासाठी सामायिक शब्दांचा संच बनवला. मॉर्टन माइलगार्ड या डॅनिश शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात बिअरच्या चवींचं एक चक्र तयार केलं. त्यात दोषांनाही नावं आहेत. उकडलेल्या मक्यासारखा वास, लोण्यासारखा वास, कच्च्या सफरचंदासारखा वास, ओल्या पुठ्ठ्यासारखा वास. प्रत्येक नावामागे एक घटक आणि एक संभाव्य कारण आहे. ओला पुठ्ठा म्हणजे बिअरला हवा लागली किंवा ती जुनी झाली. लोणी म्हणजे बऱ्याचदा यीस्टला काम पूर्ण करायला वेळ मिळाला नाही.

याचा फायदा बघा. "काहीतरी गडबड आहे" असं म्हटल्यावर कारागीर काय करणार? "खवट वास आहे, शेंगदाण्यातून येतोय" असं म्हटल्यावर तो शेंगदाण्याचं पोतं उघडतो. शब्द नेमका असला की दुरुस्ती कुठे करायची ते कळतं.

ओला पुठ्ठा मी स्वतः अनुभवलाय. कॅलिफोर्नियात चुलत भावाकडे हीच पेल एल दोन ग्लासांत शेजारी-शेजारी ठेवून चाखली. एक बाटली त्याच आठवड्यात आणलेली, फ्रिजमधली. दुसरी त्याच्या गॅरेजमध्ये अख्खा उन्हाळा काढलेली. कंपनी तीच, रेसिपी तीच. पहिलीत पपनस समोरून येत होता. दुसरीत तो जवळपास गायब, कॅरॅमल जड झालेलं आणि मागे पुस्तकांच्या जुन्या खोक्यासारखा वास. भाऊ म्हणाला, "अरे, एकटी प्यायलो असतो तर मला कळलंच नसतं." त्याचं खरं आहे. शेजारी ताजी ठेवली म्हणून फरक दिसला. तुमच्या कस्टमरकडे मात्र मागच्या वेळची आठवण असते. तो फरक ओळखतो, त्याला नाव देता येत नाही, आणि पुढच्या वेळी तो दुसऱ्या दुकानात जातो.

ओतून दिलेल्या बॅचेस

आता त्या निर्णयाकडे येऊ.

१९७० च्या दशकाच्या शेवटी अख्ख्या अमेरिकेत बिअरचे कारखाने शंभराच्या आत उरले होते. ग्रॉसमन तरुणपणापासून घरी बिअर बनवायचा. १९७६ मध्ये त्याने चिकोमध्ये घरगुती बिअरचं सामान विकणारं दुकान टाकलं. तो एवढा छोटा ग्राहक होता की हॉप्सचे व्यापारी त्याला मोठा माल द्यायला बसलेच नव्हते. म्हणून तो वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा या हॉप्सच्या पट्ट्यात जाऊन, मोठ्या ब्रुअरीजना दाखवायला काढलेले छोटे नमुने विकत आणायचा. ब्रुअरी उभारताना नवी मशिनरी परवडत नव्हती, तर दूधडेअरीची जुनी भांडी आणि सॉफ्ट ड्रिंकच्या कारखान्यातलं जुनं बॉटलिंगचं यंत्र घेतलं. त्यासाठी तो वेल्डिंग शिकला. पैसा मित्रांचा आणि नातेवाइकांचा होता.

आणि मग पेल एलच्या सुरुवातीच्या दहा-एक बॅचेस त्यांनी गटारात ओतून दिल्या. चव बॅचगणिक एकसारखी येत नव्हती, म्हणून.

थांबा आणि विचार करा. उधारीचा पैसा, जुनी भांडी, डोक्यावर हप्ते. समोर असलेली बिअर बहुतेक लोकांनी "ठीक आहे की" म्हणत प्यायली असती. तरी ती विकली नाही. कारण पहिल्या महिन्यात एका चवीची आणि दुसऱ्या महिन्यात दुसऱ्या चवीची बिअर विकली असती, तर लोकांनी नेमकं काय लक्षात ठेवलं असतं?

इथे एक काळजी घ्या. "ओतून द्या" हे वाचायला भारी वाटतं, पण दहा बॅचेस फेकायची ताकद आपल्यापैकी बहुतेकांकडे नाही. म्हणून त्याआधीची बाजूही बघा. त्याने अनेक वर्षं घरी पाच गॅलनच्या, म्हणजे साधारण १९ लिटरच्या बॅचेस करून शिकून घेतलं होतं. ब्रुअरीतली बॅच दहा बॅरलची, म्हणजे जवळपास १,१७० लिटरची होती. साठपट मोठी. एवढी तयारी असूनही मोठ्या भांड्यात चव हलली. घरी एक किलोचा चिवडा उत्तम होतो म्हणून वीस किलोचा तसाच होईल असं धरून चालू नका. मध्ये पाच किलोची पायरी घ्या. तिथे फेकावं लागलं तर थोडंच फेकावं लागेल.

आणि फक्त चांगली चव म्हणजे यश, असाही गैरसमज नको. जॅक मॅकऑलिफ याने कॅलिफोर्नियातच १९७६ मध्ये न्यू अल्बियन नावाची छोटी ब्रुअरी सुरू केली होती. नव्या पिढीतल्या ब्रुअर्सनी तिच्याकडे बघून हिंमत केली. पण ती १९८२ मध्ये बंद पडली. उत्पादन फार छोटं होतं आणि वाढवायला भांडवल मिळालं नाही. चव टिकवणं ही पहिली अट आहे, पण हिशोबही बसला पाहिजे.

मग आपला हिशोब मांडूया

समजा तुम्ही वीस किलो चिवडा केला. खर्च किलोला १८० रुपये, म्हणजे बॅचचा खर्च ३,६०० रुपये. विक्री किलोला ३२० रुपये. किलोमागे १४० रुपये सुटतात.

या बॅचमध्ये शेंगदाणे किंचित खवट निघाले. वीस किलोची अर्ध्या-अर्ध्या किलोची ४० पाकिटं, म्हणजे ४० घरं. प्रत्येक घर महिन्याला एक पाकीट घेतं. एका पाकिटामागे तुम्हाला ७० रुपये, वर्षाचे ८४० रुपये सुटतात. या चाळिसांपैकी फक्त पाच घरांनी तुमच्याकडे येणं थांबवलं, तर वर्षाचं नुकसान ४,२०० रुपये. म्हणजे बॅच फेकण्याच्या खर्चापेक्षा जास्त. आणि ती पाच घरं शेजारच्यांना काय सांगतील ते यात धरलेलंच नाही.

आकडे तुमचे घाला. पाकीट महाग असेल, कस्टमर वर्षानुवर्षं टिकणारा असेल, तर निर्णय आणखी सोपा होतो. पण हा हिशोब कधी करता येईल? बॅच बिघडली आहे हे विकण्याआधी तुम्हाला कळलं तरच. म्हणून चाखणं शिकायचं.

तीन वाट्यांची टेस्ट

मालकाची जीभ आणि नाक या कामाला सगळ्यात कमी भरवशाचं. तो दिवसभर त्याच वासात असतो, त्यामुळे सरावलेला असतो. शिवाय त्याला माहीत असतं कुठला माल कुठला. बिअरवाल्यांनी यावर उपाय काढला. डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीतल्या संशोधकांनी १९४० च्या दशकात वापरात आणलेली ही पद्धत आज खाद्य उद्योगात सगळीकडे वापरतात. घरी अशी करा:

– तीन सारख्या वाट्या घ्या. दोनमध्ये जुना, पास झालेला माल. एकात नवा. चाखणाऱ्याला कळू नये म्हणून वाटीखाली खूण करा.
– चाखणाऱ्याला एवढंच विचारा: "यातली वेगळी कुठली?" "चांगली कुठली?" असं विचारू नका.
– मध्ये साधं पाणी द्या. वाट्यांचा क्रम प्रत्येकासाठी बदला.
– चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका. शक्य असेल तर वाट्या दुसऱ्याने भराव्यात.

नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता तीनात एक. त्यामुळे एकाने बरोबर ओळखलं म्हणून फार काही सिद्ध होत नाही. पण तेच सलग तीन वेळा बरोबर आलं, तर नशिबाची शक्यता सत्तावीसात एक एवढीच उरते. म्हणजे फरक खरा आहे.

तेल बदलताय? मिरचीचा सप्लायर बदलताय? बेसनाचा ब्रँड बदलताय? आधी ही टेस्ट. फरक कळत नसेल तर स्वस्त माल बिनधास्त घ्या, तो तुमचा फायदा. कळत असेल तर पैसे वाचतील पण चव बदलेल, हे डोळे उघडे ठेवून ठरवा.

या आठवड्याचा होमवर्क

एक वही घ्या. प्रत्येक बॅचसाठी पाच ओळी: तारीख आणि बॅच नंबर, दिसायला कसा, वास कसा, पहिला घास कसा, गिळल्यावर काय उरलं. "छान" आणि "मस्त" हे दोन शब्द वहीत चालणार नाहीत. पपनसाची साल चालेल, ओला पुठ्ठा चालेल, जुन्या तुपाचा वास चालेल.

प्रत्येक बॅचचं एक पाकीट सीलबंद करून, तारीख टाकून बाजूला ठेवा. पुढची बॅच झाली की दोन्ही शेजारी ठेवून चाखा, सकाळी, काम सुरू करण्याआधी, नाक ताजं असताना. चार बॅचेसनंतर वही उघडली की तुमच्या मालाची चव कुठे आणि कधी हलते ते दिसायला लागेल.

तीन वाट्यांची टेस्ट मी पुढच्या व्हिडिओत लसणाच्या चटणीवर करून दाखवतोय. तोपर्यंत वही सुरू करा. भेटूया!